८७५३९३१९ : एका मोठ्या संख्येची कागद-पेन घेऊन पुरती ओळख

आठ कोटी पंच्याहत्तर लाख एकोणचाळीस हजार तीनशे एकोणीस. दोन धन पूर्णांकांच्या घनांची बेरीज म्हणून तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येते अशी ही सर्वांत लहान संख्या. जॉन लीच या ब्रिटिश गणितज्ञाने ती १९५७ मध्ये शोधली.

१६७³ + ४३६³ = ८७५३९३१९
२२८³ + ४२३³ = ८७५३९३१९
२५५³ + ४१४³ = ८७५३९३१९

या तीन ओळी कुठेही वाचायला मिळतात. पण त्या संख्येच्या आतून कशा निघतात आणि चौथी ओळ का असू शकत नाही, हे आपल्या हातांनी काढून पाहण्यात जो आनंद आहे तो वाचण्यात नाही. हा लेख त्यासाठी आहे. आठवी-नववीचं बीजगणित येत असेल तर पुरे. रीत कोणत्याही मोठ्या संख्येला लावता येते. मी हीच संख्या घेतली, कारण हिच्यात रीत फार सुंदर चालते.

सामान

कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर. आपली संख्या आठ अंकी असल्याने आठ घरांच्या कॅल्क्युलेटरवरही मावते, पण पुढची काही उत्तरं नऊ अंकी आहेत. म्हणून दुकानदार वापरतात तसा बारा घरांचा असेल तर बरं. मोबाइलवरचं अवयव पाडून देणारं ॲप मात्र बाजूला ठेवा. ते शेवटी उत्तर ताडून पाहायला ठीक आहे.

कॅल्क्युलेटरवर बाकी कशी काढायची ते आधी पक्कं करू. ४६३१७१ ला २३ ने भागलं की २०१३७.८६९५… येतं. पूर्ण भाग वजा करा, उरलेल्या ०.८६९५… ला २३ ने गुणा, २० च्या अगदी जवळचा आकडा येतो. म्हणजे बाकी २०. पुढे सगळीकडे हेच करायचं आहे.

आधी तिनाचे गट पाडा

आपण स्वल्पविराम देतो तो ८,७५,३९,३१९ असा. भागाकाराच्या कसोट्यांसाठी मात्र ही मांडणी मोडून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करायचे: ८७ | ५३९ | ३१९. सवयीच्या स्वल्पविरामावरून गट उचलले तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून संख्या कागदावर नव्याने, उभ्या रेघा मारून लिहा.

आता दोन गोष्टी लक्षात घ्या. १००१ = ७ × ११ × १३, आणि ९९९ = २७ × ३७. १००० ही संख्या १००१ पेक्षा एकाने कमी आणि ९९९ पेक्षा एकाने जास्त आहे. म्हणून १००१ च्या हिशेबात १००० ची जागा −१ घेतो, आणि ९९९ च्या हिशेबात +१. एवढ्यावरून पाच कसोट्या दोन ओळींत होतात.

एक आड एक चिन्ह बदलून: ३१९ − ५३९ + ८७ = −१३३. आता १३३ = ७ × १९. म्हणजे आपल्या संख्येला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने जात नाही.

सरळ बेरीज करून: ८७ + ५३९ + ३१९ = ९४५. आता ९४५ = २७ × ३५. म्हणजे २७ ने भाग जातो, ३७ ने जात नाही.

शाळेत अंकांची बेरीज करून ९ ची कसोटी शिकवतात. इथे ती बेरीज ४५ येते, तेव्हा ९ ने भाग जातो एवढं कळतं. पण २७ ने जातो का, हे त्यातून कळत नाही; तिनाच्या गटांतून कळतं. ही युक्ती पाठ्यपुस्तकांत का नसते कोण जाणे. मोठ्या संख्येशी खेळताना माझा हात सर्वांत आधी तिच्याकडेच जातो.

शेवटचा अंक ९ असल्याने २ आणि ५ यांचा प्रश्नच नाही.

मूळ अवयव

८७५३९३१९ ÷ २७ = ३२४२१९७
३२४२१९७ ÷ ७ = ४६३१७१

आता ४६३१७१ चे अवयव शोधायचे. अंकांची बेरीज २२, म्हणून ३ बाद. ७ अजून एकदा जातो का ते पुन्हा गट पाडून पाहा: १७१ − ४६३ = −२९२, आणि २९२ ला ७ ने भागलं की ५ उरतात. नाही जात. ११ आणि १३ आधीच बाद झाले आहेत. मग क्रमाने मूळ संख्या घ्या: १७ ला बाकी ६, १९ ला ८, २३ ला २०, २९ ला १२, आणि ३१ ला शून्य. ज्यांना तिसापर्यंतचे पाढे पाठ आहेत त्यांना इथे कॅल्क्युलेटरची गरजही पडत नाही.

४६३१७१ ÷ ३१ = १४९४१

१४९४१ चं वर्गमूळ १२२ च्या जरा पुढे आहे. म्हणून १२२ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. तोवर अवयव सापडला नाही तर संख्या मूळ. ३१ पुन्हा घेतला तर बाकी ३०. ३७ बाद झालाच आहे. ४१ ला १७, ४३ ला २०, ४७ ला ४२, ५३ ला ४८, ५९ ला १४, ६१ ला ५७. आणि ६७ × २२३ = १४९४१. उरला २२३. त्याचं वर्गमूळ १५ च्या आत आहे आणि २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कोणीच त्याला निःशेष भागत नाही, म्हणून तो मूळ.

८७५३९३१९ = ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३

हे उत्तर जपून ठेवा. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे, म्हणून ताळा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि इथे नऊचा ताळा कामाचा नाही! अवयवांत २७ असल्यामुळे बाकीचे अवयव चुकले तरी नऊचा ताळा शून्यच येणार. अकराचा ताळा घ्या. ११ ने भागल्यावर २७, ७, ३१, ६७, २२३ यांच्या बाक्या अनुक्रमे ५, ७, ९, १, ३. गुणत जा आणि ११ काढत जा: ५ × ७ = ३५, उरले २; २ × ९ = १८, उरले ७; ७ × १ = ७; ७ × ३ = २१, उरले १०. दुसऱ्या बाजूला मूळ संख्येची गटांवरून आलेली −१३३ ही किंमत: तिची ११ ने बाकी −१, म्हणजेच १०. जुळलं.

विभाजक मोजणे

हा भाग पटकन उरकता येतो. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करायचा: ४ × २ × २ × २ × २ = ६४. या संख्येला एकूण ६४ विभाजक आहेत.

विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९ + २७) × (१ + ७) × (१ + ३१) × (१ + ६७) × (१ + २२३) = ४० × ८ × ३२ × ६८ × २२४ = १५,५९,७५,६८०. त्यातून खुद्द संख्या वजा केली की ६,८४,३६,३६१ उरतात. हा आकडा संख्येपेक्षा लहान, म्हणजे संख्या न्यून गटातली. ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण नव्हे.

हिच्यापेक्षा लहान आणि हिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती? १८ × ६ × ३० × ६६ × २२२ = ४,७४,७२,४८०. (यातला १८ हा २७ साठी आहे: २७ पर्यंतच्या संख्यांतून तिनाच्या पटीतल्या ९ गेल्या.)

दोन वर्गांच्या वजाबाकीचे प्रकारही इथेच मोजता येतात. संख्या विषम आहे आणि पूर्ण वर्ग नाही, म्हणून विभाजकांच्या ३२ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीतून एक वजाबाकी मिळते. सर्वांत जवळची जोडी ६९१३ × १२६६३. त्यांची सरासरी ९७८८ आणि फरकाचं निम्मं २८७५. तेव्हा ९७८८² − २८७५² = ८७५३९३१९. कॅल्क्युलेटरवर करून पाहा.

वर्गांच्या बेरजेत मात्र अडते

तीन प्रकारे दोन घनांची बेरीज होणारी ही संख्या दोन वर्गांची बेरीज होते का? शेवटचे दोन अंक १९. त्यांना ४ ने भागलं की बाकी ३. वर्गाला ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ येते, दोन वर्गांच्या बेरजेला ०, १ किंवा २. तीन कधीच नाही. तेव्हा एका ओळीत निकाल: होत नाही.

मग तीन वर्गांची? शेवटचे तीन अंक ३१९, आठाने भागल्यावर बाकी ७. वर्गाची आठाने बाकी ०, १ किंवा ४ असते. या तिघांतून कोणतेही तीन घ्या, पुन्हा तेच घेतले तरी चालेल. बेरजेची बाकी ७ करून दाखवा. होत नाही. म्हणजे तीन वर्गही पुरत नाहीत.

चार मात्र पुरतातच. प्रत्येक धन पूर्णांक जास्तीत जास्त चार वर्गांत बसतो हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केलं. चार वर्ग शोधायची रीत सोपी आहे. संख्येच्या वर्गमूळाजवळचा एक वर्ग काढून घ्यायचा, आणि उरलेल्यातून तीन वर्ग काढायचे. वर्गमूळ ९३५६ आणि ९३५७ च्या मध्ये आहे. ९३५६² घेतला तर ४५८३ उरतात. पण त्यालाही आठाने भागल्यावर ७ च उरतात, म्हणजे तो तीन वर्गांत बसणारच नाही. एक पायरी खाली या. ९३५५² = ८७५१६०२५, उरले २३२९४. त्यातून १५१² = २२८०१ काढा, उरले ४९३. आणि ४९३ = २२² + ३².

८७५३९३१९ = ९३५५² + १५१² + २२² + ३²

घनांशी इतकी मोकळी असलेली संख्या वर्गांच्या बाबतीत सर्वांत अडेल गटात बसते, हे मला फार विलक्षण वाटतं.

मुख्य काम: घनांच्या जोड्या

आता खऱ्या मुद्द्यावर. जोड्या आपल्याला माहीत नाहीत असं समजून त्या काढायच्या आहेत. नुसते घन वजा करत बसलं तर ४४४ पर्यंतचा एकेक आकडा तपासावा लागेल. अवयव हाताशी असताना त्याची गरज नाही.

शाळेतलं सूत्र: अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²). पहिल्या कंसाला क म्हणू, दुसऱ्याला ख. क × ख = ८७५३९३१९, म्हणजे क हा त्या ६४ विभाजकांपैकीच एक असला पाहिजे. आता तीन चाळण्या लावायच्या.

पहिली चाळणी आकाराची. (अ + ब)³ हा अ³ + ब³ पेक्षा मोठा असतो, हे उघड आहे. दुसऱ्या बाजूने ४(अ³ + ब³) − (अ + ब)³ = ३(अ + ब)(अ − ब)². कंस सोडवून हे स्वतः पडताळा. उजवी बाजू ऋण होऊ शकत नाही, म्हणून क³ हा संख्येच्या चौपटीपेक्षा मोठा नसतो. तेव्हा क ला खालून आणि वरून दोन्हीकडून कुंपण पडलं.

दुसरी चाळणी सहाची. न³ − न = (न − १)न(न + १), म्हणजे लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार; त्याला ६ ने भाग जातोच. म्हणून कोणत्याही संख्येची आणि तिच्या घनाची ६ ने बाकी सारखीच. यावरून क ची बाकी आणि आपल्या संख्येची बाकी सारखी असली पाहिजे.

तिसरी चाळणी तिनाची. ख = क² − ३अब. क ला ३ ने भाग जात असेल तर ख लाही जातो. म्हणजे संख्येतले सगळेच ३ क कडे जाऊ शकत नाहीत; निदान एक ख कडे राहतो.

आधी रंगीत तालीम म्हणून १७२९ घेऊ. लंडनमधल्या पटनीच्या रुग्णालयात रामानुजन यांना भेटायला गेलेल्या ब्रिटिश गणितज्ञ हार्डींच्या टॅक्सीचा तो क्रमांक, दोन प्रकारे दोन घनांची बेरीज होणारी सर्वांत लहान संख्या. (फ्रेंच गणितज्ञ फ्रेनिकल द बेसी यांना ती १६५७ मध्येच माहीत होती.) १७२९ = ७ × १३ × १९. १२³ = १७२८ आहे, म्हणून क निदान १३. चौपट ६९१६; १९³ = ६८५९, २०³ = ८०००, म्हणून क जास्तीत जास्त १९. या पट्ट्यात विभाजक दोनच: १३ आणि १९. सहाने भागल्यावर दोघांची बाकी १, आणि १७२९ चीही १.

क = १३ घेतला तर ख = १३३. अब = (१६९ − १३३) ÷ ३ = १२. बेरीज १३, गुणाकार १२: उत्तर १ आणि १२.
क = १९ घेतला तर ख = ९१. अब = (३६१ − ९१) ÷ ३ = ९०. बेरीज १९, गुणाकार ९०: उत्तर ९ आणि १०.

दोन उमेदवार, दोन्ही खरे. तिसरा उमेदवारच नाही, म्हणून तिसरा प्रकारही नाही.

आता आपली संख्या. ४४४³ = ८,७५,२८,३८४, जेमतेम खाली. म्हणून क निदान ४४५. चौपट ३५,०१,५७,२७६, ७०४³ तिच्या आत बसतो, ७०५³ बाहेर जातो. म्हणून क जास्तीत जास्त ७०४. सहाने बाकी: संख्या विषम आणि तिनाच्या पटीतली, म्हणजे बाकी ३. तेव्हा क सुद्धा तिनाच्या पटीत. संख्येत तिनाचे अवयव तीन. क कडे निदान एक हवा, ख कडेही निदान एक हवा. म्हणून क ची रूपं दोनच: ३ × म किंवा ९ × म, जिथे म हा ७ × ३१ × ६७ × २२३ चा विभाजक.

म च्या लहानापासूनच्या किमती लिहा: १, ७, ३१, ६७, २१७, २२३, ४६९, … पुढच्या आणखी मोठ्या.

३म हा ४४५ ते ७०४ मध्ये हवा, म्हणजे म १४९ ते २३४ मध्ये: २१७ आणि २२३.
९म त्याच पट्ट्यात हवा, म्हणजे म ५० ते ७८ मध्ये: फक्त ६७.

संपलं. चौसष्ट विभाजकांतून तीन उमेदवार उरले: ६५१, ६६९ आणि ६०३. प्रत्येकासाठी आधी अब = (क² − ख) ÷ ३, मग (अ − ब)² = क² − ४अब काढायचं. हा आकडा पूर्ण वर्ग आला तर जोडी मिळाली.

क = ६०३: ख = १४५१७३. क² = ३६३६०९. अब = २१८४३६ ÷ ३ = ७२८१२. (अ − ब)² = ३६३६०९ − २९१२४८ = ७२३६१ = २६९². बेरीज ६०३, फरक २६९: ४३६ आणि १६७.

क = ६५१: ख = १३४४६९. क² = ४२३८०१. अब = २८९३३२ ÷ ३ = ९६४४४. (अ − ब)² = ४२३८०१ − ३८५७७६ = ३८०२५ = १९५². बेरीज ६५१, फरक १९५: ४२३ आणि २२८.

क = ६६९: ख = १३०८५१. क² = ४४७५६१. अब = ३१६७१० ÷ ३ = १०५५७०. (अ − ब)² = ४४७५६१ − ४२२२८० = २५२८१ = १५९². बेरीज ६६९, फरक १५९: ४१४ आणि २५५.

तीन उमेदवार आणि तिन्ही पास. वर्गमूळ तिन्ही वेळा पूर्ण येतं, तो क्षण कॅल्क्युलेटरवर अनुभवावा असाच आहे. आणि त्याच अर्ध्या पानात चौथा प्रकार नसल्याची सिद्धताही झाली, वेगळे कष्ट न घेता.

उत्तरांकडे जरा निरखून पाहा. २२८ आणि ४२३ दोन्ही तिनाच्या पटीत, २५५ आणि ४१४ सुद्धा. त्यांतून ३ बाहेर काढले तर ७६³ + १४१³ = ८५³ + १३८³ = ३२४२१९७ मिळतं. ही आपल्याला भागाकाराच्या पहिल्याच ओळीत भेटलेली संख्या! म्हणजे ३२४२१९७ ही स्वतः दोन प्रकारे घनांची बेरीज आहे. तिला ३³ ने गुणलं तेव्हा जुने दोन प्रकार तिप्पट होऊन तसेच पुढे आले आणि १६७ व ४३६ ही नवी जोडी तिथे येऊन मिळाली. १६७ आणि ४३६ मध्ये सामाईक अवयव नाही, म्हणून ही जोडी कोणत्याही लहान संख्येकडून आलेली नाही. घनाने गुणलं की जुने प्रकार टिकतात, या गोष्टीचा उपयोग करून हवे तितके प्रकार असलेल्या संख्या बनवता येतात. तशा संख्या असतातच हे हार्डी आणि राइट यांनी १९३८ मध्ये सिद्ध केलं.

ऋण संख्यांना परवानगी दिली तर खेळच बदलतो. मग तीन प्रकारांसाठी ७२८ एवढी लहान संख्याही पुरते: ६³ + ८³, ९³ − १³, १२³ − १०³.

१ ला या संख्येने भागलं तर

१ ÷ ८७५३९३१९ चा दशांश अपूर्णांक आवर्ती असणार. पण किती अंकांनी आवर्तन होतं? एवढं लांब भागत बसायचं नाही. प्रत्येक अवयवाचं आवर्तन वेगळं काढून लसावि घ्यायचा. १/२७ = ०.०३७०३७…, आवर्तन ३ अंकांचं. १/७ चं ६ अंकांचं, ते १४२८५७ सगळ्यांच्या ओळखीचं. १/३१ चं १५, १/६७ चं ३३. १/२२३ चं मात्र २२२, म्हणजे जास्तीत जास्त असू शकेल तेवढं. ३, ६, १५, ३३, २२२ यांचा लसावि = २ × ३ × ५ × ११ × ३७ = १२२१०. दशांश चिन्हानंतर लगेच आवर्तन सुरू होतं, कारण संख्येत २ किंवा ५ हे अवयव नाहीत, आणि दर १२२१० अंकांनी ते पुन्हा येतं.

हे आकडे तपासायचे असतील तर १० ला १० ने गुणत जा आणि दर वेळी बाकी ठेवा. ३१ साठी: १०³ ची बाकी ८, १०⁵ ची २५, आणि १०¹⁵ म्हणजे ८ चा पाचवा घात, ३२७६८, त्याची बाकी १. मध्ये ३ किंवा ५ वर १ आला नाही, म्हणून आवर्तन १५ चं.

संख्यांच्या अशा ओळखीत आपल्याकडे एक कसोटी घातल्याशिवाय राहवत नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या हे नाव दिलं. १७२९ हर्षद आहे: अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४५. भाग जायला शेवटी ० किंवा ५ हवा होता. आहे ९. म्हणून हर्षद नाही.

सर्वांत लहान हीच, हे कसं तपासायचं

हे एकच काम हाताने होणारं नाही. ब १ ते ४४४, आणि प्रत्येक ब साठी अ १ पासून ब पर्यंत; ज्यांच्या घनांची बेरीज ८७५३९३१९ च्या आत आहे अशा जोड्या सुमारे ८७ हजार होतात. पायथन ही संगणकाची भाषा येत असेल तर सगळ्या बेरजा एका यादीत टाका, चढत्या क्रमाने लावा आणि लागोपाठ तीन सारख्या बेरजा पहिल्यांदा कुठे येतात ते पाहा. आजच्या संगणकाला हे काम क्षणाचं आहे. स्प्रेडशीटमध्येही होतं: आडव्या ओळीत अ, उभ्या ओळीत ब, प्रत्येक घरात घनांची बेरीज, अ ≤ ब एवढीच अट. दोन सारख्या बेरजा पुष्कळदा दिसतील. १७२९ नंतर लगेच ४१०४ येते. तीन सारख्या मात्र यादीच्या अगदी टोकाला, आपल्या संख्येपाशीच.

पुढचा सराव

४१०४ = २³ × ३³ × १९ वर वरची रीत लावून पाहा. उत्तरं २, १६ आणि ९, १५ अशी यायला हवीत. इथे क सम असेल.

ते जमलं की चार प्रकारांची सर्वांत लहान संख्या घ्या: ६९६३४७२३०९२४८. रोझेनस्टील, डार्डिस आणि रोझेनस्टील यांनी ती १९८९ मध्ये शोधली. अवयव असे: २¹⁰ × ३³ × ७ × १३ × १९ × ३१ × ३७ × १२७. विभाजक ११ × ४ × ६४ = २८१६, आणि क सुमारे १९१०० ते ३०३०० या पट्ट्यात. इथे आपल्यासारखं एका झटक्यात होत नाही. चाळण्यांतून बरेच उमेदवार उरतात आणि (अ − ब)² पूर्ण वर्ग आहे का ही कसोटी प्रत्येकाला लावावी लागते. शेवटी टिकतात ते चार: २१५०४, २४३८४, २८२७२ आणि २९९५२. पहिल्यापासून सुरुवात करा. २१५०४ = २¹⁰ × ३ × ७, म्हणून ख = ३² × १३ × १९ × ३१ × ३७ × १२७.